दोराचं दुसरं टोक

बूट काढा. मोजेही. सदरा विजारीत खोचला असेल तर बाहेर सोडा, डोक्याला एखादा रुमाल गुंडाळा आणि फोन घरीच राहू द्या. एक चित्र बघायला जायचंय. ते थेट दाखवता आलं असतं, पण मग तुम्हाला त्यात प्राचीन रोम दिसलं असतं, मेलेले ग्लॅडिएटर दिसले असते, पुष्कळसा लाल रंग दिसला असता आणि ‘केवढं मोठं आहे हो!’ म्हणून तुम्ही पुढे सरकला असता. त्याआधी तुमच्या तळहातांना फोड यावेत अशी माझी इच्छा आहे. म्हणून लांबच्या वाटेनं जाऊ.

१८८३ चा एप्रिल. मनिला.

सगळ्यात आधी उकाडा भेटतो. कोकणातला मे अंगात मुरलेला असेल तर तुमचं निभेल, नाहीतर दोन मिनिटांत सदरा पाठीला चिकटेल. तुम्ही पासिग नदीच्या काठावर उभे आहात. पाणी गढूळ, जड, आणि त्यावर इतक्या होड्या की पलीकडचा काठ तुकड्यातुकड्यांनी दिसतो. चटयांचं छप्पर घातलेल्या या रुंद पडावांना इथे कास्को म्हणतात. त्यांच्यावर माल असतो आणि मालाला खेटून संसार. एक बाई पडावाच्या टोकाला बसून भात शिजवते आहे, तिचं पोर पाण्यात उड्या मारतंय आणि त्याच पाण्यात पलीकडे कोणीतरी घोडा धुतोय. खोबरेल, सुकी मासळी, चिखल, लीद, उसाचा गूळ, सगळे वास एकदमच नाकात घुसतात. मधूनच एक ओळखीचा सुगंध येतो आणि तुम्ही चमकून वळता. इथे त्या फुलाला सांपागिता म्हणतात. तो आपला मोगराच आहे.

पूल ओलांडा. घोडागाड्यांची चाकं अंगावरून जातील, जरा कडेनं चला. बिनोंदोच्या गल्ल्यांत चिनी दुकानदारांची हाकाटी, कापडाचे तागे, कुठे तळणाचा धूर. तेवढ्यात समोरून बायकांचा लोंढा येतो. शेकडो बायका, सपातांचा फटफट आवाज, हसणं, भांडणं, पोरांना हाका. चिरुटांच्या कारखान्यांतल्या कामगार आहेत या. दिवसभर तंबाखूची पानं वळून त्यांची बोटं तपकिरी झालीत आणि त्या जवळून गेल्या की घसा खवखवतो. तुम्हीही थोडं खोकाल. कारखान्यातून बाहेर पडताना यांची झडती होते, कोणी एखादं पान लपवून नेऊ नये म्हणून. हे त्या सांगणार नाहीत. त्यांच्यासाठी ती सांगण्यासारखी गोष्टच राहिलेली नाही.

तटबंदीच्या आत जाऊ या, इन्त्रामुरोसमध्ये. १८८० च्या भूकंपानं पाडलेल्या भिंतींवर अजून गवत उगवलंय. शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या खिडक्या अर्ध्या उघड्या, आतून कोणीतरी पियानो वाजवतंय. रस्ता अरुंद आहे आणि समोरून एक पाद्री येतोय. स्पॅनिश, धिप्पाड, झग्याची किनार धुळीत. आता मी सांगतो तसं करा, कारण चुकलात तर महागात पडेल. डोक्यावरचा रुमाल काढा. बाजूला व्हा. तो हात पुढे करील, त्याचं चुंबन घ्या. त्या हाताला साबणाचा आणि तपकिरीचा वास आहे. तो तुमच्याकडे बघत नाही. तो शेजारच्या माणसाशी बोलत बोलत पुढे निघूनही गेला.

तुमचा चेहरा गरम झालाय ना? रस्त्यावरच्या इतर कोणाचाही झालेला नाही. लहानपणापासून रोज हे करत आलेल्या माणसाला राग यायलाही उसंत लागते. या शहरात तुमचं नाव विचारण्याआधी तुमचा रंग विचारला जातो. स्पेनमध्ये जन्मलेला सगळ्यात वर, इथे जन्मलेला स्पॅनिश त्याच्या खाली, मग मिश्र रक्ताचे, आणि तळाला ‘इंदियो’. तुम्ही तळाला आहात.

सकाळच्या आगबोटीनं आपण कालांबा नावाच्या गावाला निघतो. वरच्या डेकवर छत आहे, खुर्च्या आहेत, वारा आहे आणि गोरे प्रवासी आहेत. तुमची जागा खाली, बॉयलरजवळ, टोपल्या, कोंबड्या आणि गाठोड्यांच्या मधोमध. लोखंड इतकं तापलेलं की हात टेकवत नाही. नदीच्या वळणांमधून बोट अखेर मोठ्या सरोवरात शिरते आणि पहिल्यांदाच गार झुळूक येते. पलीकडे माकिलिंगचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी नजर जाईल तिथवर ऊस. हा सगळा ऊस दोमिनिकन पाद्र्यांच्या जमिनीवरचा. गावातले लोक, अगदी खाऊनपिऊन सुखी घरंसुद्धा, त्यांची कुळं. पीक बुडो की तरो, खंड भरायचाच. गावात शिरताच गुऱ्हाळाचा वास येतो. रेडे चरकाभोवती फिरताहेत, कढईत रस उकळतोय, काकवीच्या वाफेनं हवा गोड आणि चिकट झालीय. इथे थोडा वेळ थांबावंसं वाटेल. थांबून घ्या. उद्या पहाटे तुम्हाला उठवायला माणूस येणार आहे.

तो आला. अंधार अजून पुरता सरलेला नाही. खिडकीखाली उभा राहून तो हाक मारतो आणि गल्लीतल्या आणखी चारपाच घरांपुढेही तसाच थांबत जातो. हा गावचाच माणूस, ‘काबेसा’ म्हणजे वस्तीचा मुख्य. वसुली करणं आणि माणसं गोळा करणं हे याचं काम. वसुली कमी पडली तर तूट त्याच्याच खिशातून भरून घेतात, म्हणून त्याच्या हाकेत जरब कमी आणि काकुळती जास्त आहे. ओढ्यावरच्या पुलासाठी ओंडके आणायचेत. याला ते ‘पोलो’ म्हणतात. तुम्हाला वेगळा शब्द शिकायची गरज नाही, ही वेठ आहे. सोळा ते साठ वयाच्या प्रत्येक पुरुषानं वर्षाला ४० दिवस. पुढच्या वर्षी, १८८४ मध्ये, ते १५ वर येतील. त्याचं आज तुम्हाला काय? ज्याच्याकडे पैसा आहे तो दंड भरून मोकळा होतो. तुमच्याकडे नाही.

दोर उचला.

जरा बघून घ्या त्याच्याकडे. हा अबाकाचा दोर. केळीच्या जातीचं झाड, त्याच्या बुंध्याचे धागे काढून वळलेला. खाऱ्या पाण्यात लवकर न कुजणारा हा दोर जगभरच्या जहाजांना हवा असतो आणि दूरदूरच्या बंदरांत त्याला मनिलाच्याच नावानं ओळखतात. हातात घेतल्यावर आधी तो गुळगुळीत वाटतो. दहा माणसं दोन ओळींत उभी राहतात, दोर खांद्यावरून घेतात, कोणीतरी ‘हं!’ करतं आणि ओंडका हलत नाही. पुन्हा ‘हं!’ आता तो बोटभर हलला. तुमचे अनवाणी पाय चिखलात रुततात, पोटऱ्या थरथरतात, दोर खांद्याच्या हाडावर बसतो. शंभर पावलांनंतर तळहात जळायला लागतात. तीनशे पावलांनंतर जळणं थांबतं, कारण कातडी गेलेली असते. पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसते तुम्हाला. घामानं चकचकीत, मणका न् मणका मोजता येईल अशी. त्या पाठीवर जुने आडवे वळ आहेत, वेताचे. तुम्ही विचारत नाही. मागचा माणूस तुमचीही पाठ अशीच बघतोय.

दुपारी सावलीत बसायला मिळतं. घरून आणलेला भात, केळीच्या पानात. सोबत एक सुकी मासोळी, खारट, करकरीत. तुमची बोटं मिटत नाहीत, म्हणून शेजारचा म्हातारा घास करून तुमच्या पानावर ठेवतो. तो हळू आवाजात एक गोष्ट सांगतो आणि सांगताना रस्त्याकडे नजर ठेवतो.

गावात एक बाई आहेत, दोन्या तेओदोरा. शिकलेल्या, पुस्तकं वाचणाऱ्या, चांगल्या घरच्या. बारा वर्षं होत आली या गोष्टीला. भावजयीला विष घालायच्या कटात त्या आहेत असा आळ आला, खोटाच. त्यांना सांताक्रूझच्या तुरुंगात न्यायचं होतं. सरोवरातून होडीनं नेता आलं असतं, सगळे होडीनंच जातात. पण त्यांना पायी चालवत नेलं. सुमारे पन्नास किलोमीटर, उन्हातून, पहाऱ्यात. मग अडीच वर्षं तुरुंग. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. तोच मुलगा मोठा झाल्यावर एकदा रात्री अंधारात सिव्हिल गार्डच्या एका अधिकाऱ्याजवळून गेला. कोण आहे ते त्याला दिसलंच नाही, म्हणून टोपी काढली नाही. अधिकाऱ्यानं त्याच्या पाठीवर वार केला. मुलानं वर दाद मागितली. काहीही झालं नाही.

‘मग आता कुठे आहे तो?’ तुम्ही विचारता.

‘स्पेनमध्ये,’ म्हातारा म्हणतो. ‘डॉक्टर होणार आहे. आईच्या डोळ्यांवर इलाज करायचाय त्याला.’ मग तो उठतो, कारण काबेसानं हाक मारलीय आणि ओंडका अजून अर्ध्या वाटेवर आहे.

बस. पुरे झालं. हात धुऊन घ्या, चुरचुरेल. आता रोम.

इथे फार थांबायचं नाही, पण वास घेऊन जाऊ. टर्पेंटाइन, जवसाचं तेल, आणि घामेजलेला माणूस. स्टुडिओची एक अख्खी भिंत कॅनव्हासनं व्यापलीय, सव्वाचार मीटर उंच, साडेसात मीटरहून लांब. शिडीवर एक सव्वीस वर्षांचा सावळा तरुण उभा आहे. हुआन लूना. इलोकोसमधल्या बादोकचा. गेले कित्येक महिने तो याच कॅनव्हासपुढे आहे. त्याला मनिलाच्या नगरपालिकेकडून शिष्यवृत्ती मिळते, म्हणजे ज्या सत्तेसाठी तुम्ही ओंडका ओढलात तिच्याच तिजोरीतून त्याचे रंग येतात. चित्रकार होण्याआधी तो मनिलाच्या नौकानयन शाळेत शिकला, खलाशी झाला, परवानाधारक नाविक झाला. एवढं लक्षात ठेवा आणि त्याच्या ब्रशकडे बघा. तो आत्ता दोर रंगवतोय. दोर ताणला की कुठे सरळ होतो, कुठे मांसात रुततो, माणूस त्याच्याशी झुंजताना कमरेत कसा वाकतो, हे त्याला कोणी मॉडेल उभं करून शिकवावं लागलेलं नाही.

चित्राचं नाव ‘स्पोलियारियम’. रोमच्या रिंगणात लढून मेलेल्या ग्लॅडिएटरांना फरफटत नेऊन जिथे त्यांची चिलखतं, शस्त्रं, अंगावरचं जे काही असेल ते उतरवून घेत, ती तळघरातली जागा. लूना शिडीवरून उतरून हात पुसायला गेलाय. त्याचं लक्ष नाही. आत जा.

अंधार आहे. पाय घसरतोय, खाली काय सांडलंय ते बघू नका. वरून, रिंगणातून, अजून टाळ्यांचा गडगडाट येतोय. पुढच्या जोडीची झुंज सुरू झाली असावी. इथे खाली मशालींचा धूर डोळ्यांत जातो, रक्ताचा लोखंडी वास जिभेवर बसतो. मधोमध दणकट माणसं वाकून दोरानं मढी ओढताहेत. मेलेल्यांचे हात मागे लोंबताहेत, मस्तकं फरशीवरून घासत चाललीत. धातू दगडावर करकरतो. डाव्या हाताला प्रेक्षकांची गर्दी दाटलीय, एकमेकांना रेटत, माना उंचावून बघत. कोणी ओरडतंय, कोणाची नजर एखाद्या शिरस्त्राणाच्या किमतीवर आहे. आणि उजवीकडे, उजेड जिथे पोचत नाही तिथे, एक बाई जमिनीवर बसलीय. कपडे फाटलेले, पाठ आपल्याकडे. तिचा चेहरा लूनानं आपल्याला दाखवलेलाच नाही. जवळच एक म्हातारा मशालीच्या उजेडात वाकून वाकून प्रेतांमध्ये कोणाला तरी शोधतोय.

तुमची नजर कुठे गेली? पहिल्यांदा बघणारे बहुतेक मढ्यांकडे बघतात. तुमची नजर ओढणाऱ्यांच्या पाठींकडे गेली असेल, आणि हातात पुन्हा चुरचुरलं असेल. ओढणारेही गुलामच आहेत हो. काल त्यांनी ज्याला ओढलं त्याच्यासोबत परवा ते जेवले असतील. त्यांना दोर धरायला लावणारा मात्र चित्रात कुठेच नाही. तो वर आहे, सावलीत, चांगल्या आसनावर. या चित्रातली क्रूरता मला रक्तात दिसत नाही, या कामाच्या नेहमीपणात दिसते. त्या तळघरात आज काही वेगळं घडत नाहीये. काबेसाच्या पहाटेच्या हाकेसारखंच, उद्याही हेच.

बाहेर या आणि आता बूट घाला. कॉलर, टाय, सगळं. माद्रिद, १८८४, प्रदर्शनाचे दिवस.

इथला उन्हाळा कोरडा आहे, ओठ फुटतात. रस्त्यावरून चालताना एक पोरगं तुमच्याकडे बोट दाखवून ‘चिनो! चिनो!’ ओरडतं आणि बायका हसतात. सोबतचे फिलिपिनो विद्यार्थी त्याच्याकडे लक्ष देत नाहीत, त्यांना हे रोजचं झालंय. गंमत अशी की मनिलात एकमेकांकडे संशयानं बघणारे हे लोक, कोणी मिश्र रक्ताचा, कोणी तागालोग, कोणी इलोकानो, इथे एका पोराच्या ओरडण्यासरशी एक होऊन जातात.

राष्ट्रीय प्रदर्शनाच्या दालनात रेशमाची सळसळ, अत्तर, छत्र्या, हळू आवाजातली शेरेबाजी. गर्दी एका भिंतीपाशी तुंबलीय. ते चित्र लांबूनच दिसतं, लपवायचं म्हटलं तरी लपणार नाही. जवळ गेल्यावर लोकांचं बोलणं बारीक होतं. एक सुबक बाई पंखा मिटते. एक समीक्षक मागे सरकून डोळे बारीक करतो आणि रंगांच्या थरांबद्दल काही म्हणतो. त्याचं बरोबरच आहे, रंग लूनानं फटकारे मारून घातलाय, जवळून बघितलं तर रक्त म्हणजे नुसता रंगाचा गोळा. परीक्षकांनी या चित्राला पहिल्या श्रेणीचं सुवर्णपदक दिलंय. अशी पदकं या वर्षी तिघांना मिळाली, उरलेले दोघे स्पॅनिश. लूनाचाच देशबांधव फेलिक्स रेसुर्रेक्सियोन हिदाल्गो, त्याच्याही चित्राला रौप्यपदक मिळालंय. ज्यांना शेतात राबण्यापलीकडे काही येत नाही असं शाळेच्या बाकावर बसवून शिकवलं गेलं, त्यांच्यातल्या दोघांनी राजधानीत येऊन राजधानीच्या चित्रकारांना मागे टाकलं. त्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांकडे बघा. एक जण हसतोय आणि त्याचे डोळे भरलेत, दोन्ही एकदम.

आणि आता त्या रात्रीकडे. २५ जून. इंग्लिश रेस्टॉरंट नावाच्या हॉटेलात विजेत्यांसाठी मेजवानी ठरलीय. साठेक पाहुणे, त्यांत स्पेनमधले नामांकित राजकारणी आणि पत्रकारही. गॅसचे दिवे, पांढरीशुभ्र टेबलं, काचेवर काचेचा किणकिणाट, भाजलेल्या मांसाचा आणि वाइनचा वास. तुमच्या शेजारचा तरुण मात्र अस्वस्थ आहे. बुटका, नेटका, कपाळावर नीट वळवलेले केस, गेल्याच आठवड्यात तेवीस पूर्ण केलेला. त्याच्या पोटात दिवसभर अन्नाचा कण नाही. घरून पैसे यायला उशीर झालाय. आजच सकाळी त्यानं ग्रीक भाषेच्या परीक्षेत पहिलं बक्षीस मिळवलंय, उपाशीपोटी. ताटं येताहेत, पण त्याला भाषण करायचंय.

ओळखलंत? कालांबाच्या म्हाताऱ्यानं सांगितलेला मुलगा. होसे रिझाल. अंधारात टोपी न काढणारा. पन्नास किलोमीटर पायी चालवलेल्या आईचा.

तो उठतो. आवाज मोठा नाही, पण पहिल्या दोन वाक्यांत सुऱ्या-काटे थांबतात. तो म्हणतो की प्रतिभेला देश नसतो, ती कुठेही उगवते, प्रकाशासारखी, हवेसारखी, ती सगळ्यांची असते. स्पॅनिश पाहुणे माना डोलावतात, टाळ्या वाजवतात. मग तो चित्राकडे वळतो. म्हणतो, या कॅनव्हासवर शांतता नाही, नीट ऐकलं तर गर्दीचा गलका ऐकू येतो, गुलामांच्या हाका, मेलेल्यांच्या चिलखतांचा खडखडाट, अनाथांचे हुंदके. तुम्ही नुकतेच त्या तळघरातून आला आहात, तुम्हाला हे सांगावं लागत नाही. पण मला त्याच्या बोलण्यात आणखीही काही ऐकू येतं. उन्हात चालणाऱ्या पावलांचा आवाज. त्यानं त्या आवाजाचा उल्लेख केला नाही.

ते काम दुसऱ्यानं केलं. ग्रासियानो लोपेझ हाएना, कपडे चुरगळलेले, बोलायला लागला की खोली भरून टाकणारा. तो आडपडदा ठेवत नाही. त्या रंगवलेल्या माणसांच्या मागे मला माझे लोक दिसतात, असं तो सांगतो. फिलिपिन्स हेच खरं स्पोलियारियम आहे. टाळ्या पुन्हा होतात, पण आता काही हात उशिरा उठतात. तुमच्या समोरचे एक सद्गृहस्थ चिरूट पेटवतात. त्याच्या धुरानं तुमचा घसा ओळखीचा खवखवतो. बिनोंदोतल्या त्या तपकिरी बोटांनी वळलेला असेल, कोण जाणे.

लूनाला हेच म्हणायचं होतं का? मला त्याबद्दल छातीठोकपणे बोलायचं नाही. त्यानं रोमन माणसं रंगवली, एकही फिलिपिनो चेहरा नाही, एकही स्पॅनिश नाही. पुढे त्यानंच आणखी एक चित्र काढलं, त्यात स्पेन नावाची गोरी, उंच बाई फिलिपिन्स नावाच्या सावळ्या मुलीला सोबत घेऊन पायऱ्या चढवते आहे, उजेडाकडे. तोच चित्रकार, तीच बोटं. आणि आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला त्याच्या कौतुकात पुढे जाता येत नाही. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये या माणसानं संशयानं पेटून आपली बायको पाझ आणि सासू यांचा गोळ्या घालून खून केला. फ्रेंच न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. फाटक्या कपड्यांतल्या, पाठमोऱ्या बाईचं दुःख इतकं खरं रंगवणाऱ्या माणसानं. म्हणूनच मी असं मानतो की या चित्राला जुलमाचं प्रतीक बनवलं ते लूनाच्या हेतूनं नाही. ते बनवलं बघणाऱ्यांनी. ज्यांच्या खांद्यांवर दोराचे वळ होते, ज्यांच्या आया चालल्या होत्या, त्यांनी त्या अंधाऱ्या तळघरात आपलं गाव ओळखलं. परीक्षकांना जे दिसलं नाही ते त्यांना दिसलं, कारण ते त्या चित्राच्या आतूनच आले होते.

मेजवानीची बातमी समुद्र ओलांडून कालांबाला पोचते. थोड्या वेळासाठी पुन्हा तिकडे चला, बूट काढायची गरज नाही, दारातच उभे राहा. गावात कुजबुज आहे. पाद्री नाराज आहेत. दोन्या तेओदोरांना शेजारी सांगतात की तुमचा मुलगा आता कधी परत येऊ शकणार नाही. काळजीनं त्यांची झोप उडते, तब्येत ढासळते. थोरला मुलगा पासियानो भावाला पत्रातून हे कळवतो. एका भाषणाची एवढी किंमत, आणि ती पहिल्यांदा मोजली आईनं.

चित्राचंही सुखानं गेलं नाही. ते बार्सिलोनाच्या प्रांतिक मंडळानं २०,००० पेसेतांना विकत घेतलं आणि कित्येक दशकं ते तिकडेच राहिलं. स्पेनच्या यादवीत त्याला तडाखे बसले, ते फाटलं, दुरुस्तीसाठी माद्रिदला गेलं. १९५८ मध्ये स्पेननं ते फिलिपिन्सला देऊन टाकलं. एवढा मोठा कॅनव्हास जहाजातून न्यायचा म्हणून त्याचे तीन तुकडे केले, गुंडाळ्या करून पेट्यांत भरले. मनिलात आन्तोनियो दुम्लाओ या चित्रकारानं ते जोडलं.

शेवटचा मुक्काम तिथेच. आजचं मनिला, राष्ट्रीय ललित कला संग्रहालय. फोन बरोबर असता तर आता काढता आला असता, तिकीट मात्र नाही, प्रवेश फुकट आहे. बाहेर जीपन्यांचे भोंगे, आत एसीचा गारवा आणि शाळेच्या गणवेशातली पन्नास-साठ पोरं. दारातून आत येताच समोर ते. पोरं एका आवाजात ‘ओऽऽ’ करतात. शिक्षिका त्यांना दोरीच्या मागे उभं करते, नाव विचारते, साल विचारते. एक मुलगी पाठमोऱ्या बाईकडे बोट दाखवून काही विचारते, तिला उत्तर मिळत नाही, कारण शिक्षिका सगळ्यांना रांगेत घेण्याच्या गडबडीत आहे. तुम्ही मात्र बघा, हवा तितका वेळ बघा. ओढणाऱ्यांच्या पाठी, ताणलेले दोर, म्हाताऱ्याची मशाल.

मग मागे वळा. समोरच्या भिंतीवर त्याच हिदाल्गोचं एक प्रचंड चित्र आहे, रौप्यपदकवाल्याचं. त्यातही एका माणसाला फरफटत नेताहेत, जिन्यावरून खाली. तो फिलिपिन्सचा स्पॅनिश गव्हर्नर बुस्तामान्ते, १७१९ सालचा. पण हिदाल्गोनं रोमचा आडोसा घेतलेला नाही. गव्हर्नरला ओढणाऱ्यांचे चेहरे उजेडात आहेत, ओरडणारी तोंडं दिसताहेत, आणि अंगावरचे झगे तुम्ही लगेच ओळखाल. इन्त्रामुरोसच्या अरुंद रस्त्यात असाच एक झगा तुमच्या जवळून गेला होता, शेजाऱ्याशी बोलत.